हळद-चुन्याचं चित्र

माय आन मी, दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे रंग कालवायचं. तशी कामं पुढंबी लई केली. शेंगा तोडल्या, ज्वारी काढली, घर सारवलं, तिचं दुखणं काढलं, शेवटचं पाणीबी म्याच पाजलं. पण आमच्या दोघांच्या मधी काहीच नाही, नुसतं मायलेकराचं काम, असं त्या ऐतवारानंतर झालं नाही. त्या दिवशी तात्या आन काकू गाडी जुंपून तुळजापूरला देवीला गेले होते. तात्या म्हणजे माझा थोरला चुलता. बाप मला आठवत नाही. मी रांगत होतो तवाच गेला म्हणत्यात. तवापासून मायनं आन म्या तात्याच्या घरात खाल्लं. तात्यानं कधी ताट मोजलं नाही, हे आधी सांगून ठेवतो, कारण पुढं जे लिहिणार आहे त्यानं तो वाईट माणूस वाटंल. तो वाईट नव्हता. घर त्याच्या नावानं ओळखलं जायचं आन ते नाव तो डोक्यावरच्या पाटीगत सांभाळून चालायचा, एवढंच.

घरात माणसं नसली की घराचा आवाज बदलतो. एरवी काकूची भांडी, तात्याचं खाकरणं, दावणीच्या बैलांच्या घंटा. त्या दिवशी नुसतं परसातल्या कोंबड्यांचं टकटक आन माय जात्यावर बसली होती त्याची घरघर. ज्वारीच्या पिठाचा वास जात्याजवळ बसला की गरम येतो. मायनं सकाळीच भाकरी थापून ठेवल्या होत्या, शेंगांची चटणी होती आन येसराचा मसाला घातलेली आमटी. आम्ही दोघांनी उंबऱ्यात बसून खाल्लं. काकू घरात असली की माय सगळ्यांच्या मागून खायची, चुलीकडं तोंड करून. त्या दिवशी ती माझ्यासमोर बसून जेवली. मला ते लई नवल वाटलं होतं, म्हणून ध्यानात राहिलं. आमटीत भाकरी कुस्करताना तिच्या हाताला बांगड्या नव्हत्या म्हणून काही वाजत नव्हतं, हेबी तवाच पहिल्यांदा दिसलं.

जेवण झाल्यावर मी म्हणालो, "माये, गुरुजींनी रंग करून आणाय सांगितलंय."

"कसले रंग?"

"पाण्याचे."

"पाण्याला कसला आलाय रंग," ती म्हणाली, पण जातं थांबवलं.

गुरुजी आमच्या शाळंला नवीनच आले होते. आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीकडचे. अंगानं किरकोळ, आवाज मोठा. चवथीपर्यंतची शाळा, दोन खोल्या, सगळी पोरं मिळून तीसेक. गुरुजींकडं एक पत्र्याची चपटी पेटी होती, तिच्यात रंगाच्या सहा वड्या आन एकच कुंचला. पेटी कपाटात कुलपात. आठवड्यातनं एकदा काढायचे आन आम्हाला दाखवायचे. कागद आधी ओला करायचे, त्यावर निळ्याचा एक ठिपका सोडायचे आन तो निळा आपसूक पसरायचा. पोरं श्वास धरून बघायची. गुरुजी म्हणायचे, "पळतोय ना? पळू द्यायचा. पाण्याच्या रंगाला धरून ठेवायचं नसतं." आम्ही जलमभर जनावरं धरून ठेवणारी माणसं. हे पळू देणं आम्हाला नवं होतं.

पण तीस पोरांना सहा वड्या कशा पुरणार. मग त्यांनी सांगितलं, ज्यानं त्यानं आपल्या घरात सापडतील तेच रंग करायचे, पाण्यात कालवायचे, आन घरातलं माणूस काढायचं. झेंड्याच्या दिवशी सगळी चित्रं शाळंच्या वसरीत टांगायची, गाव बघायला येईल. प्रत्येकाला एकेक जाड कागद दिला. फाटला तर दुसरा मिळणार नाही म्हणून सांगितलं. कुंचला म्हणून बाभळीची काडी एका टोकानं चावून आणायची. आन एक गोष्ट त्यांनी दोन-दोनदा सांगितली. पांढरा रंग करू नका. पांढरं पाहिजे तिथं कागद मोकळा सोडा.

माझी नात आता तिसरीत आहे. तिच्या शाळंत हेच चालतं, त्याला प्रकल्प म्हणत्यात. तिच्याकडं प्लॅस्टिकची डबी आहे, बारा रंगांची. परवा ओट्यावर बसून घर रंगवत होती. मला म्हणाली, "आबा, बाई म्हणल्या पांढरा वापरायचा न्हाय. मग डबीत दिलाय कशाला?" मी उठून आत गेलो. तिच्या जुन्या वहीची मागची कोरी पानं फाडून घेतली आन हे लिहायला बसलो. माझी चार बुकंबी पुरी झाली नाहीत, तवा अक्षराला हसू नये.

तर रंग. मायनं हळद काढली, मीठमसाल्याच्या डब्यातली, चिमूट चिमूट मोजून, कारण काकूच्या नजरंत आली असती. गेरू भिंतीच्या कोनाड्यात होताच. धोतराला घालायची नीळ होती. तव्याच्या बुडाची काजळी म्या खरवडली. घेवड्याचा पाला दगडानं चेचून मायनं फडक्यातनं पिळला, हिरवं पाणी निघालं. सगळं करवंट्यांत घालून ओळीनं ठेवलं. म्या म्हणालो, "लाल न्हाय."

"लाल न्हाय आपल्याकडं," माय म्हणाली.

"काकूच्या करंड्यात हाय की."

"त्येला हात लावू नगंस." मग जरा थांबून म्हणाली, "तुझ्या चित्रात लाल कशाला लागतंय? गेरू हाय, गेरूवर भागीव."

म्या घर काढलं, दार काढलं, दारात माय काढली. पलीकडं कापलेल्या तुरीचं रान, सगळं हळदीनं. रानात आमचा पांढरा बैल. मायचं तोंडबी हळदीनंच केलं, वर गेरूचं एक पाणी दिलं. लुगडं निळीचं. माय पाठीमागं उभी राहून बघत होती.

"ही दारात ताटली कुणी ठिवली?"

"ताटली न्हाय. ती तू हायस."

"आगं बया. येवढं कपाळ? वसरीवर खाट टाकावी आसं कपाळ काढलंयस की रं."

बैलाची जागा म्या मोकळी सोडली होती, गुरुजींनी सांगितलं तशी. पण मला ते बघवंना. आमच्या घरात मोकळं सोडलेलं म्हणजे राहून गेलेलं. दिवाळीला घराला चुना देताना वीतभर भिंत चुकली तरी तात्या सगळ्यांना नावं ठेवायचा. पांढरं म्हणजे चुना द्यायचा, हे मला दूध पिताना कळलेलं. दिवाळीचा उरलेला चुना परसात मडक्यात पाण्याखाली होताच. म्या बोट बुडवलं आन बैलाला चुना दिला. कडंनं हळदीचं रान ओलंच होतं. जिथं जिथं चुना रानाला लागला तिथं तिथं लाल झालं. बैलाचे चारी पाय रक्तानं भरल्यागत दिसाय लागले. मी भ्यालो. बोट मागं घेतलं तर बोटबी लाल.

माय हसली. तोंडाला पदर लावून, पण आवाज करून हसली. तिला असं हसताना म्या त्याच्या आधी ऐकलं नव्हतं.

"आरं येड्या, हळदीवर चुना देत्यात व्हय? कुकू कशाचं करत्यात मग? आमच्या माह्यारी घरीच करायचे. हळद आन चुना. मी ल्हान आसताना माझे दोन्ही हात कोपरापतूर लाल आसायचे."

कुकू हा शब्द तिनं माझ्यासमोर कधी काढला नव्हता. मग ती चित्राकडं लई वेळ बघत बसली. मी काडी पाण्यात धूत होतो. तिनं करंगळी मडक्यात बुडवली, वर आलेलं पाणी झटकलं आन चित्रातल्या बाईच्या कपाळाला, बरोबर मधी, एकदा टेकवली. पांढरा ठिपका उठला, कडंनं पिवळा, मग नारंगी, मग लाल झाला. आम्ही दोघं तो होताना बघत होतो. मोजायचं झालं तर दहा आकडंबी झाले नसतील.

"वाळू दे," ती म्हणाली. "आन कुणी इचारलं तर..." ती उठली, राखेनं करंगळी घासली, पाण्यानं धुतली, पुन्हा राखेनं घासली आन जात्यावर जाऊन बसली.

मला त्यात काही वाईट वाटलं नाही. माय चांगली दिसत होती. इतकंच.

आता हे लिहिताना बायको जाऊन तीन महिने झाले. हौसा तिचं नाव. जिती होती तवर म्या कधी नावानं हाक मारली नाही, आता कुणी नाही तर लिहितो. आदल्या दिवशी सांजंला आम्ही दोघांनी घेवड्याच्या शेंगा निवडल्या. किडकी शेंग ती माझ्याकडं टाकायची, म्हणायची, ही तुमच्यासारखी. दुसऱ्या दिवशी ती उठली नाही. गावातल्या बायका आल्या, तिला हिरवं लुगडं नेसवलं, ओटी भरली, कपाळ दिसेना एवढा मळवट भरला. अहेव गेली, भाग्याची, म्हणाल्या. नवऱ्याच्या आधी गेली म्हणजे भाग्य. मी बाजूला बसलो होतो. माझं कुणी काही पुसलं नाही. गड्याच्या अंगावर पुसायसारखं काही नसतंच. तिसऱ्या दिवशी मी दाढी करून घेतली आन लोक म्हणाले, सावरला.

शाळंत चित्र नेलं तवा गुरुजींनी ते हातात धरून खिडकीच्या उजेडाला नेलं.

"ही कोण रे?"

"माय."

त्यांनी माझ्याकडं बघितलं, परत चित्राकडं. त्यांना आमचं घर ठाऊक होतं. माय शाळंवरनंच पाण्याला जायची. "लाल कशाचा केलास?" म्हणाले. म्या सांगितलं, हळदीवर चुना. बैलाचे पाय दाखवले. ते हसले, म्हणाले, "मोकळं सोडायचं सांगितलं होतं ना?" पण रागावले नाहीत. चित्र वसरीत सुतळीला टांगलं, बाभळीचे काटे टोचून. झेंड्याचा दिवस चार दिवसांवर होता. त्यांनी ते अगदी टोकाला टांगलं. आता वाटतं, त्यांना भ्या वाटलं असंल. तरी टांगलं. एवढं त्या माणसानं केलं, गावात नवीन आलेल्या माणसाच्या मानानं पुष्कळ केलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी म्हैस पाण्यावरनं आणत होतो. पारावर चारदोन माणसं बसलेली. त्यांत दाजी, म्हणजे गावाची जीभच म्हणावी असा माणूस. कुणाच्या घरात काय शिजलं ते त्याला वासानं कळायचं. तात्या पारावरनं जात होता, तर दाजीनं हाक मारली.

"काय तात्या, घरात लगीन काढलंय म्हणं?"

"कुणाचं लगीन? माझ्या घरात कोण हाय लग्नाचं?"

"आमाला काय ठावं बाबा. शाळंत पत्रिका टांगलीया. कुकवासकट."

बाकीचे हसले. तात्याला काही कळलं नाही, पण हसणं कळलं. तो तसाच शाळंकडं वळला. मी म्हैस घेऊन घरी आलो. ती दावणीला बांधली. मायला काही बोललो नाही. माय शेणी थापत होती.

तात्या आला तो दिवेलागणीच्या आधी. काकूनं मला भाकरी वाढली होती. पहिला घास तोंडात होता. तात्या उंबऱ्यात उभा राहिला, पायताण न काढता. ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"चित्र तू काढलंस?"

"व्हय."

"कपाळावरचं कुणी लावलं?"

माय चुलीपुढं होती, आमच्याकडं पाठ. थोरल्या दिरासमोर ती बोलायची नाही. काही सांगायचं असलं तर काकूला सांगायची, मग काकू तात्याला. असंच चालायचं सगळ्या घरांत. मी तिच्या पाठीकडं बघितलं. मला वाटलं, ती वळंल. ती वळली नाही. चुलीत लाकूड सारलं आन काकूला म्हणाली,

"अक्का, त्येनंच लावलं आसंल म्हणावं. लेकराला काय कळतंय रंगातलं."

काकूनं ते तात्याला परत सांगितलं नाही. ऐकू गेलंच होतं.

"म्याच लावलं," मी म्हणालो.

तात्या माझ्याकडं बघत राहिला. मला वाटतं, त्याला खरं कळलं होतं. कळलं म्हणूनच त्यानं दुसऱ्यांदा विचारलं नाही. खरं बाहेर आलं असतं तर त्याला मायचं काहीतरी करावं लागलं असतं, माह्यारी धाडावं लागलं असतं, आन मग दाजीला लगीन खरंच सापडलं असतं. माझं केलं की भागत होतं. तो म्हणाला, "माझ्या मेलेल्या भावाची आन या घराची इज्जत शाळंत सुतळीला टांगलीया. उद्यापसनं शाळा बंद. ज्वारी हुरड्यात आलीया, पाखरं राखाय बस."

मी घास गिळला. भाकरी पुरी खाल्ली, उरलेली टाकली असती तर काकू बोलली असती.

शाळा मला आवडत होती का? कुणी विचारलं नाही, म्याबी कुणाला सांगितलं नाही. पण त्या दोन खोल्यांत माझ्या हातानं काहीतरी व्हायचं आन ते कुणी खायचं नाही, विकायचं नाही, नुसतं बघायचं. गावात असं दुसरं काहीच नव्हतं. भाकरी संपेपर्यंत मी तेच डोक्यात धरून होतो, की उद्या निळा ठिपका पळताना दिसणार नाही.

दिवा लावला आन गुरुजी आले. पोरांपैकी कुणीतरी सांगितलं असंल. तात्यानं घोंगडं टाकलं, काकूनं पाणी दिलं. मी खांबाला टेकून उभा. माय आत, दाराआड.

"तात्या, तो रंग आहे," गुरुजी म्हणाले. "हळदीवर चुना पडला की लाल होतंच. घरातल्या बायकांना विचारा."

"व्हतंय की," काकू चुलीपासनं म्हणाली. तात्यानं तिच्याकडं बघितलं, तशी ती भांड्यांत वाकली.

"पडला का लावला?" तात्यानं विचारलं.

गुरुजींनी पाण्याचा तांब्या बाजूला सारला आन म्हणाले, "पोराचा हात चांगला आहे. मी इतक्या पोरांना शिकवलं, असा हात बघितला नाही. चित्र काढून टाकतो मी, हवं तर. पण शाळा सोडवू नका."

"काढून टाकाल आन मग? सगळ्या गावानं बघितलंय. काढलं तर म्हणतील, लपीवलं. दाजी जलमभर चघळंल. तिथंच पायजे ते चित्र. पण साधं पायजे. हाय तशी माझी भावजय पायजे."

"खोडता येत नाही हो ते. कागदात मुरलंय. घासलं तर भोक पडेल."

बाहेर बैलानं मान हलवली, घंटा वाजली. मग दाराआडनं मायचा आवाज आला. परक्या गड्यासमोर आन थोरल्या दिरासमोर, काकूला मधी न घालता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"चिंचंच्या पाण्यानं जातंय. लाल हुतं ते परत पिवळं व्हतंय."

तात्याची मान वर झाली, परत खाली गेली. गुरुजी दाराकडं बघत राहिले. त्यांना तवा सगळं कळलं असणार. काकूचंबी हातातलं भांडं थांबलं. पण आमच्या घराची रीतच ती, जे सगळ्यांना कळतं त्यावर बोलायचं नाही.

"बरं," तात्या शेवटी म्हणाला. "ज्येनं लावलं त्येनंच पुसावं. सकाळी जाऊन पोरगं पुशील. मग बसू दे शाळंत. माझं काय म्हणणं न्हाय."

गुरुजी उठताना माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "झालं तर मग. उद्या ये." त्यांना वाटलं, जिंकलो. एका अर्थानं जिंकलोच होतो.

पुढं लोक मला विचारायचे, शाळा का सुटली रं? मी म्हणायचो, परिस्थिती. सगळे मान हलवायचे. परिस्थिती म्हणलं की पुढं कुणी विचारत नाही, लई सोयीचा शब्द आहे. हौसालाबी तेच सांगितलं. पन्नास वर्षं तिनं ते खरं धरलं. पोराच्या, नातीच्या शाळंचं काही असलं की म्हणायची, ह्यांची परिस्थिती नव्हती हो, न्हायतर हे लई शिकले असते. मी ऐकून घ्यायचो. आज सांगावं म्हणलं तर ऐकणारी नाही. सांगितलं असतं तर काय म्हणाली असती, याचा इचार करून बघितला. काही सुचत नाही. तिचा आवाजबी आता पुरा आठवत नाही, नुसतं शेंग टाकताना म्हणायची ते आठवतं.

सकाळी उठलो तर मायनं चिंच आधीच भिजत घातली होती. तिनं ती कुस्करली, चोथा पिळून काढला आन पाणी पितळी वाटीत गाळलं. एक कापसाची वात वळून दिली. "दाबून घासू नगंस," म्हणाली. "नुसतं टेकीव. आपसूक जातंय." माझ्याकडं बघून बोलली, नीट बघून. तिचे डोळे कोरडे होते. म्या वाटी घेतली. गावातनं जाताना पाणी सांडू नये म्हणून दोन्ही हातांनी धरली होती. दाजी पारावर दातवण चावत बसला होता. काय नेतुया रं, म्हणाला. चिंचंचं पाणी, म्या सांगितलं. तो परत दातवण चावाय लागला.

शाळंत गुरुजी एकटेच होते, वसरी झाडत होते. "मी करू का?" म्हणाले. मी म्हणालो, तात्यानं मलाच सांगितलंय. त्यांनी काटे काढून चित्र पाटावर ठेवून दिलं आन केरसुणी घेऊन पलीकडं गेले. म्या वात बुडवली आन मायच्या कपाळाला टेकवली. आधी लालाचं विटकरी झालं. पुन्हा टेकवली. मग नारंगी. मग कडंनं आत आत येत सगळं पिवळं झालं. लागलं तेवढंच, दहा आकडं. बाप गेला तवा बायकांनी तिचं कपाळ पुसलं असंल, ते म्या बघितलेलं नाही. हे बघितलं, आन केलंबी म्याच. खाली बाकीच्या तोंडासारखंच तोंड उरलं, मोठ्या कपाळाचं. तिथं काही होतं हे कुणाला सांगूनबी पटलं नसतं. बैलाचे पाय तसेच लाल ठेवले. त्यांच्याबद्दल कुणाचं काही म्हणणं नव्हतं.

गुरुजी आले, वाकून बघितलं. "शाब्बास," म्हणाले. "अगदी साफ निघालं." चित्र परत सुतळीला लावलं, ह्या वक्ताला मधी, सगळ्यांना दिसंल असं. मग त्यांनी घंटा दिली, पोरं आली, रांगा झाल्या. मी माझ्या जागेवर उभा राहिलो. प्रार्थना म्हणली. पोरं त्या पुसलेल्या कपाळाखालनं आत निघाली तवा मी वसरीच्या कडंला ठेवलेली वाटी उचलली आन आत जायच्या जागी बाहेर पडलो. कुणी हटकलं नाही. मला कुणी नको म्हणलं नव्हतं, हे ध्यानात ठेवा. तात्यानं बस म्हणलं होतं, गुरुजींनी ये म्हणलं होतं, मायनं तर त्यासाठी स्वतःच्या हातानं चिंच कुस्करली होती.

ओढ्यापतूर हजेरीचा आवाज येत होता. माझं नाव आलं. गुरुजींनी ते दोनदा घेतलं. मी खाली बसलो, वाटी वाळूनं घासून धुतली, पालथी घालून पाणी निथळू दिलं, आन ती कमरंच्या करदोट्यात खोचून ज्वारीत पाखरं राखाय गेलो.